थेंबांच्या ओळी

फेना दारातच थांबली. कोटाची बटणंही तिने सोडली नाहीत.

"मी आत येत नाही, पप्पा. ते जेल मी लावणार नाही. आज नाही, यापुढेही नाही."

हार्म यान्सेनच्या हातात चहाची किटली होती. ती त्याने सावकाश खाली ठेवली. औषधवाल्याचा माणूस दुपारीच थंड डबा देऊन गेला होता, आणि आतल्या खोलीत त्याची धाकटी लेक तोमके पाठ उघडी टाकून, पालथी पडून बहिणीची वाट बघत होती.

तोमके एकोणीस वर्षांची. तिच्या कातडीचा वरचा थर खालच्या थराला धरून राहत नाही. जरा घासलं की फोड, फोड फुटला की जखम. हा आजार जन्माचा. पाठीवरची तळहाताएवढी जखम तर आठ वर्षांत मिटली नव्हती. कातडी धरून ठेवणारा धागा ज्या जनुकातून तयार होतो तेच जनुक तिच्यात बिघडलेलं होतं, आणि आता निरोगी जनुक थेट जखमेत पोचवणारं हे जेल आलं होतं. आठवड्यातून एकदा, दर बुधवारी. पहिले तीन बुधवार दवाखान्याच्या नर्स ओल्टमानबाईंनी घरी येऊन लावलं होतं, दुसऱ्या दिवशी पट्टीही त्यांनीच काढली होती, आणि हार्म-फेना दोघांना शिकवलं होतं. आज पहिल्यांदा घरच्यांनी लावायचं होतं... आणि घरचं म्हणजे फेना. गेल्या हिवाळ्यात मुलींची आई गेझिने वारली तेव्हापासून सगळ्या पट्ट्या तीच करत आली होती.

"कारण?" हार्मने विचारलं.

"नंतर सांगते."

"तुझ्या आईने शेवटच्या आठवड्यातसुद्धा उठून हिच्या पट्ट्या बदलल्या. आणि तू तीन महिन्यांत कंटाळलीस?"

फेनाचा चेहरा उतरला. "आईचं नाव काढून मला बोलू नकोस, पप्पा. एकोणीस वर्षांत तू तिला एकदा तरी हात लावलास?"

 मग आतून तोमकेचा आवाज आला, अगदी शांत. "जाऊ दे गं फेना. त्याला माझी किळस येते. हे मला लहानपणापासून माहीत आहे."

हार्मला वाटलं, कुणीतरी आपल्या छातीवर मैद्याचं पोतं टाकलं. किळस... त्याच्या हातांना?

फेना रडू लागली. "मला दिवस गेलेत, पप्पा. अकरावा आठवडा आहे. दोनदा गमावलंय, म्हणून बारा होईपर्यंत कुणाला सांगायचं नाही असं ठरवलं होतं. ओल्टमानबाई पहिल्याच दिवशी काय म्हणाल्या, ऐकलं होतंस ना?"

ऐकलं होतं. कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून त्याने शब्दन्‌शब्द ऐकला होता. गरोदर बाईने हे औषध हाताळायचं नाही, त्याच्या पट्ट्यांनाही हात लावायचा नाही. आणि ज्या मुलीने आपलं बाळ आणि आपली बहीण यांच्यामध्ये उभं राहून एकटीने हा भार सोसला, तिला त्याने कंटाळलीस म्हटलं होतं.  त्याने कोटासकट तिला जवळ घेतलं. "चुकलो, पोरी. स्वयंपाकघरात जाऊन बस. चहा गरम आहे."

मग तो आतल्या खोलीच्या दारात गेला.

"तू तीन दिवसांची होतीस," तो म्हणाला. "डॉक्टरांनाही तेव्हा नीट कळलं नव्हतं. मी बेकरीतून धावत आलो आणि आनंदाने तुला काखेत धरून उचललं... दोन्ही बाजूंची कातडी माझ्या हातात आली. तुझी आई ओरडली, तिला हात लावू नकोस. पुन्हा कधी म्हणाली नाही ती. विसरलीही असेल. मी विसरलो नाही."

तोमकेने उशीवरून मान वळवली. "हे मला इतक्या वर्षांत सांगितलं का नाहीस?"

"तू विचारलं नाहीस."

"तू बोलतोस तरी कधी? तुझ्यापेक्षा भट्टी जास्त बोलायची."

त्याने हात धुतले, हातमोजे चढवले आणि ओल्टमानबाईंना फोन लावून तो पलंगाजवळ ठेवला.

"सुईशिवायची सिरिंज उघड्या जखमेवर धरा," बाई म्हणाल्या. "एकेक थेंब, बोटाच्या अंतराने, ओळीत. पसरायचं नाही, चोळायचं नाही. डोळ्यांच्या जवळ हात नेऊ नका."

पहिला थेंब पडला आणि चाळीस वर्षं केकवर मुरांबा पसरणारा हात आपोआप पुढे सरकू लागला. त्याने तो आवरला. दुसरा थेंब पडेना.

"बटरकेक समज," तोमके उशीत तोंड खुपसून म्हणाली. "बोटाने खळगे, खळग्यात लोणी."

बटरकेक... गावातलं एकही बारसं आणि एकही मर्तिक त्याच्या बटरकेकशिवाय झालं नव्हतं. गेझिनेच्या मर्तिकालाही त्यानेच भाजला होता, ओळी सरळ ठेवून. दुसरा थेंब पडला. एक ओळ, दुसरी, तिसरी, चौथी, पाचवी. जखमेच्या कडेशी तो थांबला.

"ओळ वाकडी गेली तर गिऱ्हाईक तक्रार करेल," स्वयंपाकघरातून फेना म्हणाली.

"गिऱ्हाईक खूश आहे," तोमके म्हणाली.

न चिकटणारी पट्टी, तिच्यावर नेहमीची. उद्या या वेळेपर्यंत कुणी हात लावायचा नाही. दुसऱ्या दिवशी काढलेली पट्टी जंतुनाशकात भिजवून, बंद पिशवीत घालून, मगच कचऱ्यात. हार्मने हे सगळं कागदावर लिहून फ्रीजवर लावलं, आणि खाली मोठ्या अक्षरांत: फेनाने लांब राहावे.

बुधवारमागून बुधवार गेले. जखमेच्या कडा आत सरकत गेल्या. ओळी पाचाच्या चार झाल्या, मग तीन, मग एक.

सतराव्या बुधवारी ओल्टमानबाई पाहायला आल्या. सहाव्या महिन्यातलं पोट सांभाळत फेना स्वयंपाकघरात बसली होती. बाईंनी पाठ निरखली, दिव्याखाली पुन्हा निरखली. आठ वर्षांच्या जखमेच्या जागी पातळ, गुलाबी, अखंड कातडी होती.

"उघड्या जखमेवरच लावायचं असतं," त्या म्हणाल्या. "पाठीवर आज थेंब नको. दंडावर एक छोटीशी आहे, तिथे लावा."

हार्मने खोक्यातून हातमोजे काढले.

"थांब, पप्पा," तोमके म्हणाली. "आधी पाठ. तिथे आज औषध नाही, म्हणजे मोजेही नकोत."

त्याने बाईंकडे पाहिलं. "चोळू नका," त्या हळूच म्हणाल्या. "नुसता ठेवा."

त्याने उघडा तळहात खाली नेला, पीठ फुगलंय का पाहताना ठेवायचा तसा, वजन न देता, आणि ठेवला. काहीही निघून आलं नाही. कातडी जागच्या जागी राहिली. खाली तिचा श्वास चालू होता.

"तुझा हात गरम आहे," तोमके म्हणाली.

"भट्टीवाल्याचा आहे," हार्म म्हणाला, आणि त्याने तो काढला नाही.