सातवा बार

बिडी विझव बे आधी. आन् मधातच 'मंग काय झालं' असं इचारू नोको. मले जेवढं ठाऊक हाये तेवढंच सांगतो.

संग्रामपूरच्या वरतं, सातपुड्यातून निमाडच्या हद्दीपर्यंत सडक काढून राह्यले होते, तवाची गोष्ट. मी हजेरी लिहायले होतो. गुलाम रसूल सुरुंगाचा मुकादम. माणूस मोठा कडक. त्याचा एकच कायदा. जेवढ्या वाती पेटवल्या तेवढे बार मोजाचे. बरोबर भरले तं तो शिट्टी मारे, मंग माणसं पुढं जात. एक बार कमी पडला तं दुसऱ्या दिवसाच्या उजेडापर्यंत कोणी पाय हालवाचा नाई.

एका दुपारी सात वाती पेटवल्या. त्यानं सात बार मोजले, शिट्टी मारली. आमचा मजूर रंगराव पहार घेऊन वळणावर गेला, आन् सातवा बार तवा उडाला! पहिले जो सातवा ऐकला तो निस्ता पहाडाचा आवाज, खोऱ्यातून घुमून आलेला. अरे बापा, रंगरावचं जे सापडलं ते एका टोपल्यात मावलं. गुलाम रसूल रडला नाई. त्यानं ते पितळेची शिट्टी दरीत फेकली. साहेबानं मंग त्याले वरच्या चौकीवर राखणीले बसवलं.

सडक झाली, गाड्या चालू झाल्या. एकोणचाळीस साल. पौषाची अवस, शुक्रवारची रात, अकराचा सुमार. त्याची बायको सुगराबी, तिच्या छातीत कफ दाटला. दवाखाना खाली. त्यानं बैलबंडीत गवत अंथरलं, तिले गोधडीत गुंडाळलं आन् निंगाला.

रंगरावच्या वळणापाशी बैल उभे राह्यले. हाकलले, तरी हालेनात.

आन् पुढं बार उडाला.

एक... दोन... तीन...

सडक तं कवाचीच झाली होती. तिथं आता सुरुंग कायचा? पण तो मोजत गेला. चार... पाच... सहा.

मंग चूप.

त्यानं कासरा धरून ठेवला. सातव्याची वाट पाहून राह्यला.

"अजी, काऊन थांबले?" सुगराबी म्हणे.

"सहाच झाले."

"सात झाले जी. मी मोजले ना. शिट्टीबी वाजली. चाला."

त्यानं शिट्टी ऐकली नोती. बाई तापात बरळते, असं त्याले वाटलं. एकदा सातव्यावर इश्वास ठेवला होता, त्याचं काय झालं ते तो पाहून बसला होता.

"उजेड होऊ दे."

"मले दम लागते जी..."

"होऊ दे."

ते 'चाला' म्हणे. अजून एकदा म्हणे. मंग म्हणाली नाई.

मी त्याले मागून इचारलं, बावा, तुले तवा काय वाटलं रे? म्हणे, काहीच नाई. हात गार पडले होते, तेवढं ध्यानात हाये. मले त्याची कीव आली, आन् खरं सांगतो, रागही आला.

सकाळी मी सायकलीनं वर चाललो होतो. बंडी तिथंच उभी. पुढची सडक साफ, एक खडा पडला नोता. खालच्या वस्तीत कोणी एकही बार ऐकला नोता. सुगराबी अर्ध्या रातीच थंड झाली होती.

त्यानं गोधडी सारली. उशाशी गवतात शिट्टी होती. तेच. कडेले चेपलेली, त्याच्याच हातानं दरीत फेकलेली.

त्यानं उचलली. पाह्यली. माह्या हातात देल्ली.

पितळ बर्फावानी गार होतं.

तोंड मातर ओलं होतं... कोणी आत्ताच फुंकल्यासारखं.