रखमी सावडीला जाते

भर आवणीत, भातलावणीच्या घाईत, कॉलेजच्या दिवशी सून गुडघाभर चिखलात वाकलेली पाहून रखमीचा असा तिळपापड झाला, की बांधावरूनच ती कडाडली, "ऊठ! कोणाला विचारून उतरलीस माझ्या खाचरात?"

प्रमिलाने हातातली रोपं सोडली नाहीत. "आये, डीएड सोडलं मी. तुमचे गुडघे गेले... बघवत नाही."

सोडलं! रखमीच्या काळजात कळ उठली. हिला जव्हारला शिकायला धाडून गेल्या साली ती एकटी लावत राहिली, गावच्या, पोशेऱ्याच्या बाया फिदीफिदी हसल्या, ते शल्य मुकाट गिळलं, ते हे ऐकायला?

"दया करतेस माझी? आज सरांसमोर परीक्षेचा शेवटचा पाठ ना तुझा?"

"नाही दिला तर वर्ष जाईल. जाऊ दे! कितीतरी जणी नुसतं नाव लावून बसल्यात, पोलीसभरती निघाली की पळणार. त्यात एक मी."

"खोटारडे! झोपेत पोरांची हजेरी घेणारी तू, तू त्यांच्यातली?"

प्रमिलाला हुंदका आवरेना. "मला नाही सोडायचं, आये! पण लावणार कोण? सावडीला तुम्ही कुणाकडे जात नाही..."

खरंच होतं. गावच्या बाया सावडीने, आळीपाळीने एकमेकींची खाचरं लावत; पण कुणाचे उपकार घेणं रखमीला मरण वाटे. मदतीला आलेल्या शेजारच्या नवशीला तर तिने गेल्या साली दारातूनच हाकललं होतं.

काठी टेकत ती त्याच नवशीच्या दारात गेली.

"अगोबाई! राणीसाहेब इकडं कुठं?"

"हसून घे पोटभर. मग बाया घेऊन सावडीला चल."

"आणि फेड? तुला तर उभं राहवत नाही!"

रखमीने सारा अभिमान बाजूला ठेवला. "आवणी सरेस्तोवर तुमची तान्ही पोरं बांधावर बसून सांभाळीन. चिखलात हात घालायचे दिवस... संपले माझे."

नवशीचं हसू विरलं. तिने पावसाचं इरलं डोक्यावर घेतलं.

जव्हारला जाणारी जीप हॉर्न वाजवू लागली. धुतल्या पायांनी धावत आलेली प्रमिला सासूच्या पायांवर वाकली, तशी रखमीने पाय मागे घेतले. "पाया मग पड! जीप सुटली, तर घरात घेणार नाही!"

"आये..."

"जा म्हणते ना!"

जीप वळणाआड गेली. खाचरात बायांची रांग वाकली. रखमीची जागा नवशीने घेतली. मांडीवरचं परकं पोर टाहो फोडत होतं. रखमीने त्याला छातीशी घट्ट धरलं.

"रड बाबा, जोरात रड... म्हणजे माझं कुणाला ऐकू जायचं नाही!"