चादरीचं दुसरं टोक

काम अगदी साधं होतं. ताईच्या कपाटाची किल्ली परत करायची आणि कपाटात काही राहिलं असेल तर ते घेऊन यायचं. ताईला जाऊन महिना झाला होता. तिच्या भाड्याच्या खोलीतली आवराआवर संपली होती, माझं परतीचं तिकीट निघालं होतं, आणि ही एक किल्ली तेवढी पर्समध्ये खुळखुळत राहिली होती.

ताई त्या परक्या देशात एका लॉन्ड्रीत होती. हॉटेलांच्या चादरी धुऊन, इस्त्री करून, घड्या घालून परत पाठवायच्या. तिकडे गेली तेव्हा मी शाळेत होते. "वर्षभर बघते," म्हणाली होती, आणि आयुष्य तिथेच गेलं. तिचं परमिट त्या नोकरीला बांधलेलं; नोकरी सुटली की देशही सुटला. सुरुवातीला फोनवर तिचा आवाज रडवेला असायचा. मग एकदा हसून म्हणाली, "आता निभेल गं. घड्यांना जोडीदार मिळालीय मला. बोलत नाही फारशी, पण हात चांगला आहे."

मी नाव विचारलं, तर म्हणाली, "नाव कशाला हवंय तुला?" पुढे कितीतरी वर्षं त्या जोडीदारणीचा उल्लेख येत राहिला, नाव कधी आलं नाही. आज तिला भेटावं, दोन शब्द बोलावेत, असंही माझ्या मनात होतं.

लॉन्ड्री तळघरात होती. बाहेर दुपार होती, पण धुकं इतकं दाट की रस्त्यावरचे दिवे दिवसाच लावलेले. मुकादम दारातच भेटला. ताईचं नाव सांगून मी किल्ली दाखवली.

"कपाटं आत, डावीकडे. जरा लवकर आवरा, बाई. धुक्यामुळे बायकांची गाडी आज आधीच सोडली." मग आत तोंड करून ओरडला, "ए नवे, ट्रक यायच्या आत एवढ्या चादरी झाल्या पाहिजेत. नाहीतर उद्यापासून येऊ नकोस." माझ्याकडे बघून तो जरा ओशाळला. "मलाही वरून दट्ट्या असतो हो." आणि जिना चढून निघून गेला.

ओल्या सुताचा आणि साबणाचा वास. भिंतींना घाम सुटलेला. कुठेतरी इस्त्रीचा मोठा रोलर एकसुरात घुमत होता. मी बाकावर बसून कपाट उघडलं. राखाडी स्वेटर, बामची बाटली, आणि डाव्या टाचेला झिजलेल्या चपला. ताई डावा पाय किंचित ओढत चालायची. चपला मांडीवर घेऊन मी बसून राहिले.

प्लॅस्टिकच्या पट्ट्यांच्या पडद्यापलीकडे ती नवी बाई घड्या घालत होती. तिची पाठ माझ्याकडे होती. पलीकडची बाजू चादरींच्या ढिगाआड गेलेली, पण चादर दोन्हीकडून ताणलेली स्वच्छ दिसत होती. वर उचलली जाई, झटकली जाई, मधोमध दुमडली जाई. पलीकडचा हात कसा सराईत होता. हीच ती जोडीदार, मला वाटलं. मी चपला तशाच हातात धरून उठले आणि पडदा सारला.

चादर जमिनीवर पडली.

ढिगाआड कोणी नव्हतं.

नवीने वळून पाहिलं. तिशीची असेल. चेहऱ्यावर भीती नव्हती, पण सगळं अवसान गळालेलं दिसत होतं.

"आता पलीकडे कोण होतं?" मी विचारलं.

"तुम्ही... तुम्ही पाहिलंत?"

"चादर पाहिली."

तिने पडलेली चादर उचलून टेबलावर टाकली. मग हळूच म्हणाली, "समोरून बघितलं की थांबतं, मावशी. म्हणून मी डोळे मिटून घेते. पहिल्या दिवशी पळाले होते मी... जिन्यापर्यंत. मग वाटलं, जाणार कुठे? लेक आईकडे ठेवून आलेय. इथून काढलं तर परमिट गेलं. मला जोडीला घ्यायला कोणी तयार नव्हतं, माझा वेग कमी म्हणून." ती कसनुसं हसली. "आणि खरं सांगू? मुकादम नुसता ओरडतो. हे निदान काम तरी करतं."

मला हसू आलं, आणि त्याच वेळी मानेवर काटाही.

"आज मात्र ते थांबलंच म्हणायचं," ती ढिगाकडे बघत म्हणाली. "रोलरपण मीच सांभाळायचा, घड्यापण मीच."

मी पर्स आणि चपला खाली ठेवल्या. "मला दाखव. एक टोक मी धरते."

मला जमेना. समोरासमोर चालत यायचं, आपले कोपरे दुसरीच्या हातात द्यायचे, आणि वाकून खालची घडी उचलायची. प्रत्येक वेळी कुठलातरी कोपरा निसटे.

"दाबल्याशिवाय सोडू नका, मावशी," ती म्हणाली. "मशीनच्या आवाजात बोललेलं ऐकू येत नाही ना. म्हणून इथे सोडायच्या आधी समोरचीचं बोट एकदा दाबतात. म्हणजे, नीट धर, आता मी सोडतेय."

माझे हात जागीच थांबले. इस्पितळात त्या शेवटच्या पहाटे ताईचा हात माझ्या हातात होता. बोलणं आधीच थांबलेलं. तिने अंगठ्याने माझं बोट एकदा दाबलं. एकदाच, नीट. मला वाटलं तिला पाणी हवंय. मी वाटी घ्यायला वळले, आणि तेवढ्यात...

"मावशी?"

"काही नाही," मी म्हणाले. "तू रोलरकडे बघ. मी हे टोक धरते."

"आणि दुसरं?"

मी चादरीचं माझं टोक उचललं. ती रोलरकडे वळली आणि मी डोळे मिटले.

नुसती घरघर. मग बामचा वास आला. बाटली मागे कपाटात होती, बूच घट्ट लावलेलं. हातातली चादर हळूहळू जड झाली, मग हलकी, आणि मग ताणली गेली. समोरून पावलं आली. एक पाऊल उचललेलं... एक ओढलेलं. चपला माझ्या पायाशीच होत्या. माझी पावलं त्यांना लागत होती. कोपरे मी सोडले नाहीत. माझ्या हातात दोन कोपरे आणखी आले. बोटावर अंगठा टेकला. उबदार होता.

एकदा दाबला.

"धरलंय, ताई," मी म्हणाले. "सोड."

त्यानंतर किती चादरी झाल्या, मला माहीत नाही. नवीने हाक मारली तेव्हा मी डोळे उघडले. ढीग संपला होता, आणि माझा चेहरा ओला होता, वाफेने म्हणा हवं तर.

ट्रक आला. मुकादमाने घड्यांवरून हात फिरवला, एक उलगडून पाहिली. "उद्यापासून पक्की तू," तो नवीला म्हणाला. "तुझा कागद आजच वर पाठवतो." ती नुसती भिंतीला टेकली. मी ताईच्या कपाटाची किल्ली तिच्या हातात ठेवली. स्वेटरही तिलाच दिला. चपला तेवढ्या माझ्याकडे ठेवल्या.

ती मला जिन्यापर्यंत सोडायला आली. मुकादम तिथे दिवे मालवायच्या तयारीत उभा होता. मला आठवण झाली.

"ताईच्या जुन्या जोडीदारणीला भेटायचं होतं," मी म्हणाले. "आज गाडीने गेल्या असतील ना?"

"कोण जोडीदार?"

"ज्यांच्याबरोबर ताई घड्या घालायची. इतकी वर्षं."

त्याने डोकं हलवलं. "काहीतरी चुकतंय, बाई. तुमच्या ताईला जोडीदार कधी नव्हतीच. अगदी सुरुवातीपासून. तिकडे ढिगाआड एकटी उभी राहून करायची. कसं करायची, तिलाच ठाऊक."

नवीने माझा हात धरला. आम्ही दोघींनी एकदमच मागे पाहिलं. रोलर बंद झाला होता. प्लॅस्टिकच्या पट्ट्यांपलीकडे टेबलाच्या वर एक चादर दोन्ही बाजूंनी ताणलेली होती. कसलीही घाई नसल्यासारखी ती मधोमध दुमडली, आणि तिची दोन्ही टोकं सावकाश एकमेकांकडे चालत आली.

मुकादमाने दिवा मालवला.