कारणाचा रकाना

वाऱ्याने दार धाडकन उघडलं आणि वाऱ्याबरोबर तोही आत आला. चष्मा हातात, डोळे किलकिले... आणि समोरच्या आरशालाच म्हणाला, “जरा एक दुरुस्ती होती.”

“मी इकडे आहे,” ती काउंटरमागून म्हणाली.

तो वळला, ओशाळला, हसला. चष्म्याची मोडकी काडी त्याने काळ्या रबराचा तुकडा चिकटवून कशीबशी जागेवर ठेवली होती.

“हे काय? चष्म्याचं पंक्चर काढलंत?”

“धंदाच तो आहे माझा. वळणावरचं सायकलचं दुकान... ते माझं.”

चष्म्याच्या दुकानात काचा बसवायचं काम ती वर्षभर करत होती. काडी जोडायला तिला एरवी पाच मिनिटं पुरत. त्या दिवशी पंधरा लागली. मग चष्मा त्याच्या कानांवर नीट बसतोय का ते तिने स्वतः पाहिलं. कामाचाच भाग होता तो, पण तिची बोटं तिथे कामापेक्षा क्षणभर जास्त रेंगाळली.

“दिसतंय आता?”

“दिसतंय,” तो तिच्याकडे बघत म्हणाला. “आधीच यायला हवं होतं.”

ती कानापर्यंत लाल झाली. त्यालाही आपलं बोलणं जरा जास्तच झालं असं वाटलं असावं, कारण तो घाईघाईने पिशवीतून कागदांचा गठ्ठा काढू लागला. कर्करोगावरच्या संशोधनाला मदत म्हणून सायकलफेरी निघणार होती. चाळीस किलोमीटर. आपण सायकल चालवायची आणि ओळखीच्यांनी देणगी द्यायची. हे फॉर्म इथे काउंटरवर ठेवले तर चालतील का?

“ठेवा ना. मीही येणार आहे.”

हे ती का म्हणाली, देव जाणे. दहा वर्षांत तिने सायकलला हात लावला नव्हता. पण शब्द गेला तो गेला. तिने तिथेच फॉर्म भरायला घेतला. नाव, वय, फोन... आणि शेवटचा रकाना: ‘तुम्ही का सहभागी होत आहात?’

खरं कारण समोर उभं राहून शर्टाच्या टोकाने चष्मा पुसत होतं. ते कसं लिहिणार? पेन थबकलं, मग आपसूक चाललं – ‘मावशीसाठी.’

त्याने ते उलट्या बाजूनेच वाचलं. त्याचं हसू मावळलं आणि चेहऱ्यावर काहीतरी मऊ आलं.

“मावशी... आहेत?”

“आहे. बरी आहे आता.”

“माझे बाबा गेले. शेवटचे पाच महिने दुकान बंद ठेवून मी त्यांच्याजवळ बसलो होतो.” त्याने पुन्हा त्या शब्दाकडे पाहिलं. “तुम्हीही असाल ना मावशीजवळ? आजारपणात?”

‘नाही.’ दोनच अक्षरं होती. तिने मान हलवली – होकारार्थी.

माय मरो पण मावशी जगो, असं म्हणतात. तिची आई नोकरीत बुडालेली, त्यामुळे शाळेतून ती थेट मावशीच्याच घरी जायची. मावशी शिवणकाम करायची. मशीनच्या खडखडाटात गृहपाठ, मशीनखाली चिंध्यांच्या ढिगात झोप. अशा मावशीला छातीत गाठ निघाली आणि ही भाची... गेली नाही. आधी परीक्षा होती. मग सर्दी होती, मावशीला संसर्ग नको म्हणून. मग नवी नोकरी. खरं म्हणजे भीती होती, मावशीचा ओळखू न येणारा चेहरा बघायची. ती फोनवर फुलांची चित्रं पाठवत राहिली. आठ महिन्यांनी मावशी बरी झाली. भीती संपली, तर तिच्या जागी लाज येऊन बसली. आता कोणत्या तोंडाने जायचं?

रविवारी पहाटे सराव सुरू झाला. त्याने तिच्यासाठी दुकानातली एक जुनी निळी सायकल ठाकठीक केली, सीट खाली घेतली, ब्रेकवर तिची बोटं कशी हवीत ते दाखवताना आपला हात तिच्या हातावर ठेवला – आणि दोघंही ब्रेकबद्दल काय बोलायचं ते विसरले. तिसऱ्या रविवारी ‘तुम्ही’चं ‘तू’ झालं.

“चढावर बोलू नकोस, दम लागेल,” तो म्हणायचा.

“मग तू कशाला बोलतोस?”

“तू गप्प बसलीस की मला दम लागतो.”

ती हसायची. पण हसण्याच्या पुढच्या वळणावर तो प्रश्न उभा असायचाच. मावशींचे केस गेले तेव्हा त्यांना फार लागलं का गं? तू काय केलंस?

“मी... रुमाल बांधला तिच्या डोक्याला,” ती म्हणाली. “जांभळा. तिनेच शिवलेला.”

हे सगळं खरं होतं. फक्त रुमाल तिने बांधला नव्हता, आईने बांधला होता. आईने घरी येऊन सांगितलं, तेव्हा ही कानात इयरफोन घालून बसली होती. आता तोच रुमाल ती स्वतःच्या नावावर खपवत होती, आणि तो तिच्याकडे असा बघत होता की तिला रस्त्याने दुभंगून पोटात घ्यावं असं वाटलं.

फेरीला आठवडा उरला तेव्हा तो उत्साहाने म्हणाला, “निघण्याआधी सगळे माइकवर आपापलं कारण सांगणार आहेत. मावशींनाही आण ना! मला त्यांना भेटायचंय. माझ्या आईलासुद्धा सांगितलंय मी... तुझ्याबद्दल. त्या रुमालाबद्दल.”

ती रात्रभर तळमळली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी मावशीच्या दारात उभी राहिली.

मशीनचा आवाज थांबला. मावशीचे केस आता बोटभर वाढले होते, शाळकरी मुलासारखे. ती वाळली होती. चष्म्याची काच एका बाजूने तडकलेली.

“पाहुण्यासारखी उभी काय राहिलीस, चिमे? ये आत.”

चिमी आत आली, खुर्चीच्या कडेवर टेकली आणि रडत-अडखळत सगळं सांगितलं. फॉर्म, तो, मान हलवली ते, रुमाल. मावशीने मध्ये एकदाही थांबवलं नाही.

“आईनं बांधला तो,” शेवटी मावशी म्हणाली. “फार घट्ट बांधला होता. डोकं ठणकलं.”

“मावशी, मी...”

“पहिले दोन महिने दाराकडे बघायचे मी. कडी वाजली की वाटायचं, चिमी आली. मग बघणं सोडलं. त्या औषधांनी इतकं नाही दुखलं गं.”

चिमीची मान वर होईना.

“माफ केलं असं लगेच म्हणणार नाही मी. खोटं होईल ते. आणि खोटं तू पुष्कळ बोललीयस, दोघींचं मिळून.” मावशीने दोरा तोडला. “फेरीला येईन मी. पण माझ्या तोंडून काही वदवून घेऊ नकोस. जे सांगायचं ते तुझं तू सांग.”

त्याला सांगायचं होतं फेरीच्या आदल्या दिवशीच. ती त्याच्या दुकानापर्यंत दोनदा गेली आणि दोनदा परतली. फेरीच्या सकाळी मैदानावर तो तिच्या सायकलच्या चाकात हवा भरत होता, तेव्हा ती एका दमात बोलून गेली.

पंप थांबला.

“म्हणजे... तू एकदाही गेली नाहीस?”

“एकदाही नाही.”

“आणि रुमाल?”

“आईनं बांधला.”

त्याने पंपाची नळी चाकावरून काढून घेतली. मग उठला. “हवा भरलीय. ब्रेक ठीक आहेत,” म्हणाला आणि गर्दीत निघून गेला.

तिचा नंबर आला तेव्हा तिने माइक दोन्ही हातांनी धरला. पुढच्या रांगेत मावशी होती. तो कुठे होता, दिसत नव्हतं.

“मी मावशीसाठी आलेय,” ती म्हणाली. “म्हणजे... ती आजारी होती तेव्हा मी तिच्याकडे गेले नाही, म्हणून आलेय. मला भीती वाटली. ती बरी झाली तरी मी गेले नाही, कारण मला लाज वाटली. अजून वाटते. एवढंच.”

टाळ्या वाजल्या नाहीत. कुणीतरी खाकरलं. तिने माइक पुढच्याला दिला. गाल नुसते पेटले होते तिचे.

पंचविसाव्या किलोमीटरला, चढावर, साखळी उतरली. लोक पुढे जात राहिले. ती रस्त्याच्या कडेला बसून काळ्या हातांनी साखळीशी झटत असताना शेजारी एक सायकल थांबली.

“मोठ्या दातेरी चाकावरून आधी नाही. मागून घे,” तो म्हणाला. हात मात्र लावला नाही. ती करेपर्यंत उभा राहिला.

“रागावलायस?”

“हो.”

“किती दिवस?”

“माहीत नाही. मोजायला आत्ताच घेतलंय.” त्याने चष्मा वर सरकवला. “एक सांग. मावशींसाठी यायचं नव्हतं, सायकलची सवय नव्हती... मग फॉर्म भरलास कशाला?”

आता आणखी खोटं बोलायचं त्राण तिच्यात नव्हतं.

“तुझ्यासाठी,” ती साखळीकडे बघत म्हणाली. “कारणाच्या रकान्यात ते लिहिता येईना.”

तो आपल्या सायकलवर बसला. पण उरलेले पंधरा किलोमीटर तो तिच्यापुढे गेला नाही, मागेही पडला नाही.

शेवटच्या रेषेपाशी मावशी पाण्याची बाटली घेऊन उभी होती. चिमी पाणी प्यायली आणि तिने विचारलं, “तुझी पुढची तपासणी कधी आहे?”

“मंगळवारी. आठला निघते मी. उशीर केलास तर थांबणार नाही.”

मंगळवारी ती पावणेसातलाच दारात हजर होती.

रुग्णालयात तपासणी चालली होती. मावशी आत, चिमी बाहेरच्या लांब व्हरांड्यात प्लास्टिकच्या खुर्चीवर. समोरच्या भिंतीकडे बघत किती माणसं अशी बसली होती! तिची आई अशीच बसली असणार, आठ महिने, एकटी. तिला पुन्हा तोंड लपवावंसं वाटलं. पण ती उठली नाही.

पावलं वाजली. तो होता. एक खुर्ची मध्ये सोडून तो बसला.

“तुला कसं कळलं?”

“मावशींनी सांगितलं. त्या दिवशी पाणी देताना.” त्याने चष्मा काढून शर्टाला पुसला. “मला या वासाची भीती वाटते. बाबांनंतर इथे आलो नव्हतो.”

“मग कशाला आलास?”

“तू एकटी बसली असशील म्हणून.”

तिचे डोळे भरले. “राग गेला?”

“थोडा आहे.” तो उठला आणि मधल्या खुर्चीवर येऊन बसला. “पण तो असताना जवळ बसता येतं, असं दिसतंय.”

तिने हात पुढे केला नाही. हक्क वाटेना. त्यानेच तो उचलला आणि आपल्या गुडघ्यावर ठेवून घेतला. तिच्या नखांच्या कडेला साखळीचं काळं अजून होतं. आतून परिचारिकेने हाक मारली, “मावशींबरोबर कोण आहे?”

“मी,” ती म्हणाली आणि त्याचा हात न सोडताच उठून उभी राहिली.