वाईहून लॉगिन

आमच्या कंपनीची बेदाण्याची शीतगृहं सांगलीत आणि कचेरी मलकापुरात. दोन वर्षांपूर्वी सगळा कारभार क्लाउडवर गेला. कुठल्या खोलीत काय ठेवलंय, किती थंडी हवी, माल कधी सोडायचा, हे आता दूरच्या कुठल्याशा संगणकावर असतं आणि तिथं पोचायची वाट एकच, व्हीपीएन. त्या वाटेवरचा फाटकवाला मी, सुमंत. एका नावानं एकच माणूस आत. दरवेळी त्याच्या मोबाईलवर प्रश्न जातो, ‘लॉगिन तुम्हीच करताय का?’ होकार दिला तरच फाटक उघडतं. पासवर्ड दुसऱ्याला दिला की नोकरी गेली. मागच्या महिन्यात एकाला मीच घरी पाठवलं, आणि मला त्याचं वाईटही वाटलं नाही.

चारुलता वाईची. सांगलीतला माल तिच्या मंजुरीनं सुटतो. कृष्णाबाईच्या, म्हणजे नदीच्या, उत्सवात त्यांच्या घाटाची पाळी आली, म्हणून तिनं आठवडाभर घरून काम मागून घेतलं होतं. बुधवारी अकराच्या सुमारास ती कचेरीतच हजर झाली.

“घरचं इंटरनेट बंद पडलंय, सर. साडेआठची एसटी धरली. घाईत मोबाईलही घरीच राहिला.”

ती तिच्या जागेवर बसली. दोनदा प्रयत्न केला. मग मला हाक मारली.

तिचं नाव आधीच आत होतं. वाईहून, नऊ वाजून दोन मिनिटांपासून.

“घरी कोण आहे?”

“कुणी नाही. सगळी घाटावर. मी कुलूप लावून आले.”

पासवर्ड घरातल्या कुणालातरी दिलाय आणि आता अंगाशी आलंय, असं मी मनात पक्कं केलं. तिलाही ते कळलं असावं. “सर, ही नोकरी गेली तर माझं काही खरं नाही,” ती म्हणाली. मी सांगलीला केरबाला फोन लावला. तिथल्या खोल्या तो सांभाळतो.

“व्हय साहेब, बाई सकाळधरनं फोनवर हायत की. चार नंबरच्या खोलीचं लय बारीक इचारत्यात आज.”

“आवाज कुणाचा?”

“आवं, चारुलताबाईंचाच. मला वळखू येत न्हाई व्हय?”

मग मी तिच्या मोबाईलवर फोन केला आणि स्पीकर चालू ठेवला. दोन रिंग झाल्या.

“बोला, सर.”

आवाज चारुलताचा. मी समोरच्या चारुलताकडेच बघत होतो. तिचे ओठ मिटलेले होते.

“कुठं आहात?”

“घरी, सकाळपासून. कचेरीतून कुणी माझ्या नावानं आत यायला बघतंय का? मोबाईलवर दोनदा प्रश्न आला.”

मी गडबडलो की नियम धरतो. ओळख पटेना तर फक्त त्याच माणसाला माहीत असेल असं काही विचारायचं.

“रुजू झालात त्या दिवशी काय विसरला होतात?”

“ओळखपत्राचा फोटो,” फोनवरून लगेच उत्तर आलं. “तुम्ही समोरच्या दुकानात पाठवलंत. एक डोळा मिटलेला आला होता.”

बरोबर होतं. समोरची म्हणाली, “मला काही सुचत नाहीये, सर.”

“सर, नकार दाबू?” फोनवरची म्हणाली.

“नको, सर,” समोरची म्हणाली.

“दाबा,” मी म्हणालो.

समोरचा पडदा बंद झाला. ती उठली. मी मान वर केली नाही. तीनच्या एसटीनं ती गेली.

मला दिवसभर अपराधी वाटत होतं. पण चूक सापडत नव्हती.

पावणेसातला चारुलताच्या मोबाईलवरून फोन आला.

“सर, ती दारात आलीय. कुलूप काढलं तिनं. पण मी आतून कडी घातलीय. काय करू?”

आवाज शांत होता. मागे दार वाजत होतं. मग दारापलीकडून ती ओरडली.

“सर, आई गेली तेव्हा तुम्ही आला होतात! जाताना काकांची चप्पल घालून गेलात. दुसऱ्या दिवशी मला गुपचूप आणून दिलीत. सर, मीच आहे!”

हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं.

“उघडा दार,” मी म्हणालो. “चारुलता, उघडा.”

“हे मला माहीत नव्हतं,” फोनवरची म्हणाली. आणि कीबोर्डवर सावकाश ते टाइप करून घेतल्याचा आवाज आला.