सारंग यानावरची तारीख

नंदिनी बापट दुपारी जुन्नरला पोचली, तेव्हा रघुवीर टिळेकर शैलजाच्या संगणकापुढे बसले होते. शैलजा त्यांची बायको. सारंग यानाची संपर्कप्रणाली तिने याच टेबलावर लिहिली होती. ते यान ताऱ्यांकडे जाऊन आज परत येत होतं, आणि पाहायला ती नव्हती.

पडद्यावर एवढंच दिसत होतं: ‘संपर्क सुरक्षित नाही. प्रमाणपत्राची मुदत संपली आहे.’

नंदिनीच्या अंतराळ केंद्रातही हेच चाललं होतं. शेवटचा ब्रेक लावायची आज्ञा संध्याकाळपर्यंत गेली नाही, तर सारंग पृथ्वीजवळून निघून जाणार होतं, कायमचं. म्हणून मूळ प्रणालीचा हा संगणक तपासायला नंदिनी आली होती. तिने ब्राउझर बदलला, अँटिव्हायरस थांबवला, राउटर बंद करून चालू केला.

“इतकं शिकून शेवटी हेच करतात होय?” रघुवीर म्हणाले.

“याच्यापुढे आम्हालाही फार येत नाही, काका.”

मग तिने संगणकाची तारीख पाहिली. तारीख चुकली की मुदतीचा हिशेब चुकतो. तारीख बरोबर होती. ती पडद्याकडे बघतच राहिली.

“आपली बरोबर आहे,” ती सावकाश म्हणाली. “तिकडची वेगळी आहे. यान प्रकाशाच्या जवळपास वेगाने फिरून आलंय. त्या वेगात घड्याळ बिघडत नाही काका, काळच कमी जातो. मार्गाच्या गणितात आम्ही हे धरलं. संपर्काच्या कुलपात धरायचं राहिलं.”

तिने संगणकाची तारीख यानाच्या हिशेबाने दोन वर्षं मागे नेली. पान उघडलं. यानाच्या कॅमेऱ्यात, काळ्याभोर अंधारात एक निळा ठिपका होता. ती पृथ्वी आहे हे कळलं, तसे रघुवीर खुर्चीवरून उठून उभे राहिले.

पण आज्ञेला सहीकिल्ली, म्हणजे पाठवणाऱ्याची डिजिटल सही, लागते. नंदिनीची किल्ली यानाने परत केली: ‘मुदत अजून सुरू झालेली नाही.’ शैलजा गेल्यावर केंद्राने सगळ्यांच्या किल्ल्या नव्या केल्या होत्या, जुन्या नष्ट केल्या होत्या. मागच्या तारखेची किल्ली कुणालाच बनवता येत नव्हती.

“हा संगणक पुसायला कुणी आलं होतं?” नंदिनीने विचारलं.

कुणीच आलं नव्हतं.

“मग मॅडमची किल्ली इथे आहे.”

“तिची तर रद्द केलीत ना?”

“पृथ्वीवर केली. यानाला कोण सांगणार होतं? तिथल्या तारखेला मॅडम आहेत, काका.”

रघुवीरांनी कोपऱ्यातली तारीख वाचली. त्या महिन्यात शैलजा रोज शिवनेरीच्या पायथ्यापर्यंत चालून यायची. खोकला अजून लागायचा होता.

पासवर्ड त्यांना ठाऊक होता. त्यांनी तो टाकला.

‘शैलजा टिळेकर. ओळख पटली.’

ब्रेक लागला. निळा ठिपका हळूहळू वाटोळा होत गेला.

आता यानाचं घड्याळ पृथ्वीशी जुळवायला हवं होतं, नाहीतर पुढची एकही आज्ञा केंद्रातून गेली नसती. त्या आज्ञेवरही सही शैलजाचीच लागणार होती. घड्याळ जुळलं, की तिच्या किल्लीची मुदत संपणार होती; यानालाही ती गेल्याचं कळणार होतं.

“थोडं थांबता येईल,” नंदिनी म्हणाली.

रघुवीरांनी तारखेकडे पाहिलं. त्यांनी स्वतःच कळ दाबली. घड्याळ जुळलं, तशी नंदिनीने आपली किल्ली पुन्हा लावली.

‘नंदिनी बापट. ओळख पटली.’

नंदिनीने डोळे पुसले.

“लाग कामाला,” रघुवीर म्हणाले आणि तिला खुर्ची दिली.