खुंटीवरची दुसरी दुर्बीण

गणिताच्या बाई दारात दिसल्या आणि पन्नाशीतला बाळ खुर्चीतून ताडकन उठला. शाळा सुटून जन्म लोटला होता, पण पाय ऐकत नव्हते.

"बस रे," बाई म्हणाल्या. "आज गणित मी आणलंय. सोडवायचंय तुझ्या बहिणीनं."

बाळची थोरली बहीण, सगळ्यांची अक्का, खासगी तपासाची कामं घ्यायची. बाळ तिचा मदतनीस. म्हणजे पाय त्याचे आणि डोकं तिचं.

बाईंनी टेबलावर रुमालात गुंडाळलेली दुर्बीण ठेवली. त्यांना तळ्यावर पक्षी बघायचा नाद. मागच्या महिन्यात मुलानं त्यांना बारा पट मोठं दाखवणारी दांडगी दुर्बीण भेट दिली होती. काल ती खुंटीवरून नाहीशी झाली आणि तिच्या जागी ही छोटी, आठ पटींची, लटकत होती.

"मुलाचा संशय वरच्या भाडेकरूवर. तोही पक्षी बघतो ना! आज सकाळी सून कामाला गेल्यावर मुलानं त्याला बजावलं, संध्याकाळपर्यंत खोली रिकामी कर. बिचाऱ्यानं ब्रसुद्धा काढला नाही. मला हे पटत नाही गं."

"हिला कुणी हात लावलाय?" आतून आलेल्या अक्कानं विचारलं.

"छे! 'पुरावा आहे' म्हणून मुलानं मलाही लावू दिला नाही. रुमालात त्यानंच गुंडाळली."

अक्का खिडकीशी गेली, मधलं चाक फिरवून तिनं समोरची गच्ची न्याहाळली आणि दुर्बीण बाळकडे दिली. त्याला डाव्या डोळ्यानं गच्ची लख्ख दिसली. उजव्यानं नुसतं धुकं.

"बिघडलीय," बाळनं निकाल दिला.

"बाई, तुम्ही बघा."

बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला. "अगंबाई! कबुतर चोचीत काडी घेऊन निघालंय. दोन्ही डोळ्यांनी कसं स्वच्छ! आणि चित्र हलत नाही. लोक उगाच मोठ्या आकड्याला भुलतात. या महिन्यात मी दोघांना अशाच निवडून दिल्या. एक भाडेकरूला, एक सुनेच्या मैत्रिणीला. दुकानातल्या सगळ्या डोळ्यांना लावून बघते मी."

"आणि मुलानं दिलेली?"

बाईंचा हात मानेवर गेला. "हौसेनं दिलीय त्यानं. छानच आहे."

"तळ्यावर जाता?"

"अलीकडे नाही जमत."

दुपार कलता कलता तिघं बाईंच्या घरी पोचली. मुलगा तावातावानं येरझाऱ्या घालत होता.

"दुर्बीण नेली ती नेली, आमच्या खोलीतल्या कपाटातून तिचा रिकामा खोकाही नेला लेकाच्यानं!"

"रिकामा खोका?" अक्कानं विचारलं.

"चोराला काय, जे मिळेल ते!"

तेवढ्यात सून कामावरून आली. दुर्बिणीचं नाव काढताच म्हणाली, "मला त्या पाखरांतलं काही कळत नाही हो. कावळा आणि चिमणी, संपलं." आणि पर्स ठेवायला आत गेली.

वर भाडेकरू बॅग भरत होता. बाईंनी निवडून दिलेली दुर्बीण त्याच्या गळ्यात होती.

"काही सांगायचंय?" अक्का म्हणाली.

"काही नाही. खोली त्यांची, मर्जी त्यांची."

जिन्यात बाळ कुजबुजला, "अक्का, उजवा डोळा अधू असलेला चोर शोधायचा."

"शाबास. निम्मं बरोबर आलं."

खालच्या खोलीत घरच्यांना बसवून अक्कानं छोटी दुर्बीण पुढे धरली.

"उजव्या भिंगापाशी ही बारीक कडी असते. ज्याच्या दोन डोळ्यांत फरक आहे त्यानं ती फिरवून घ्यायची, स्वतः बघत बघत. दुसऱ्याला जुळवून देता येत नाही. ही कडी बाईंच्या डोळ्याला तंतोतंत जुळलेली आहे, आणि आज माझ्या खिडकीशी येईपर्यंत बाईंनी तिला हातही लावला नव्हता. म्हणजे ही दुर्बीण त्यांनी आधीच पारखली होती. कुठे? दुकानात. तिथे त्यांनी दोन निवडल्या. एक भाडेकरूच्या गळ्यात आहे. उरली मैत्रिणीची."

सून मान खाली घालून बसली होती.

"आणि रिकामा खोका चोराच्या काय कामाचा? दुकानात वस्तू बदलून घ्यायची तर तो लागतो. तुमच्या खोलीतल्या कपाटातून तो काढणार घरातलंच कुणीतरी. मैत्रीण नव्हतीच ना?"

"नव्हती," सून म्हणाली. "आई रोज मान शेकायच्या. तळं सुटलं त्यांचं. यांना सांगावं तर यांची हौस मोडेल. म्हणून मैत्रिणीच्या नावानं आईंकडूनच निवडून घेतली आणि दुकानात बाजूला ठेवायला सांगितली. काल बदलून आणली, रात्री सांगणार होते. पण घरात एवढा आरडाओरडा, की तोंडच उघडेना."

"वर तो बॅग भरतोय," अक्का म्हणाली.

सून उठूनच उभी राहिली. "काय? कशासाठी?"

मुलाचा सगळा ताव उतरला होता. तो आईकडे वळला. "तू तरी सांगायचंस ना गं. तुझ्यासाठीच घेतली होती मी."

पिढ्यान्‌पिढ्यांकडून उत्तरं वदवून घेणाऱ्या बाईंनी चष्मा काढून पदराला पुसला. "तू इतका खुशीत होतास रे..." त्या म्हणाल्या.

मुलगा जिना चढला. बाळही मागोमाग गेला, त्याला राहवेना.

"चुकलो मी," दारातच मुलगा म्हणाला. "तुम्हाला ठाऊक होतं?"

"वहिनी दुकानात दिसल्या होत्या," भाडेकरू म्हणाला. "पण घरातली गोष्ट घरातल्यांनी बोलावी. मी कोण मध्ये?"

मुलानं बॅग पलंगावर उपडी केली आणि शर्ट उचलून कपाटात रचायला लागला. घड्यांच्या नावानं आनंदच होता. भाडेकरूनं थोडा वेळ सोसलं. मग त्यानं हळूच एक शर्ट मुलाच्या हातून काढून घेतला, पलंगावर पसरला, बाह्या मागे दुमडून दाखवल्या आणि म्हणाला, "असं. आता पुढचा तुम्ही करा."